आख्खा दिवस भर समुद्रात: दोघांनी तो कसा घालवायचा?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलाने तुम्हा दोघांसाठी मुंबई–लक्षद्वीप–मुंबई अशी चार रात्रींची क्रूझ काढून दिली आहे, फेब्रुवारीच्या मध्यात. कार्यक्रमपत्रिकेत पाचांपैकी दोन दिवसांपुढे नुसतं ‘समुद्रात’ एवढंच छापलंय. कुठे उतरायचं नाही, काही बघायचं नाही, मग दिवसभर करायचं काय, हा तुमचा प्रश्न. वहिनींना बोट लागायची धास्ती आहे, आणि त्यांच्या मनात लहानपणी आजीकडून ऐकलेली रामदास बोटीची गोष्टही आहे.

मी चोवीस वर्षं बोटींवर नेव्हिगेशन अधिकारी होतो. पहिली आठ मालवाहू बोटींवर गेली, पुढची सोळा प्रवासी बोटींवर. भर समुद्रातले दिवस मी हजारोंनी काढलेत, आणि त्या दिवसांत प्रवासी काय करतात तेही ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतून, रोज पाहिलंय. म्हणून मनापासून सांगतो: हे दोन दिवस ‘भरायला’ जाऊ नका. बिंगो, नाचाचा वर्ग, जादूचे प्रयोग, गाण्याची मैफल असं सगळं बोटीवर असेलच. पण चार वेळा डेकवर या: पहाटे, दुपारी एकच्या आधी, मावळतीला आणि रात्री साडेनऊला. या चार वेळा धरल्यात की मधला वेळ आपोआप मार्गी लागतो.

आधी वहिनींच्या भीतीबद्दल, कारण ती मनात असेल तर बाकी काहीच गोड लागणार नाही. रामदास १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती गोष्ट आजही दबक्या आवाजात सांगतात, आमच्याही घरात सांगत. भर पावसाळा होता. पाणी आत आलं, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि आधीच कललेली लहान बोट सावरू शकली नाही. तुम्ही निघताय फेब्रुवारीत. या किनाऱ्यावर समुद्र सगळ्यांत शांत असतो त्या महिन्यांतला हा एक. ऐन पावसाळ्यात मुंबईहून अशी क्रूझ सहसा सुटत नाही. शिवाय क्रूझ बोट वर दहा-अकरा मजल्यांची दिसली तरी तिचं खरं वजन, म्हणजे इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या, हे सगळं तळाला असतं. प्रवासी एका कठड्याशी गोळा झाले म्हणून ती कलंडत नाही.

तरीही एक काम मन लावून करा: मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आपटली, ३२ माणसं दगावली. त्यात अनेक प्रवासी असे होते की ते बोटीवर चढले होते, पण त्यांची ड्रिल अजून झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा इशारा कानात बसवून घ्या. मग केबिनपासून तुमच्या मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे जमायच्या जागेपर्यंत, जिन्याने (लिफ्टने नव्हे) दोघांनी एकदा चालून या. तेवढं चालून आल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडतो, हे मी अनेकांच्या चेहऱ्यावर बघितलंय. ज्या गोष्टीची वाट पायाखालची झाली, तिची भीती उरत नाही.

आता बोट लागण्याबद्दल. कान सांगतो आपण हलतोय आणि डोळा सांगतो खोली तर स्थिर आहे. या दोघांच्या भांडणातून मळमळ येते. म्हणून डोळ्याला क्षितिज दाखवायचं, की भांडण मिटतं. बंद केबिनमध्ये मोबाइल बघत पडून राहणं हा सगळ्यांत वाईट उपाय, आणि नेमका तोच बहुतेक जण करतात. मुलाला विचारा, केबिन कुठे आहे. सी-सॉवर मधोमध बसलेलं पोर जसं फारसं वरखाली होत नाही, तसंच बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हालचाल सगळ्यांत कमी असते. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची केबिन वरखाली होते, अगदी मागची पाण्याखालच्या पंख्याच्या थरथरीने हलते, आणि पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खालची असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर येतो. बदलून मिळत असेल तर आत्ताच बदलून घ्या.

गोळी घ्यायची असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या. एकदा उलट्या सुरू झाल्यावर पोटातून गोळी काय काम करणार? रिकाम्या पोटी राहू नका. आल्याचा तुकडा, कोरडी पोळी, खाकरा, हिरवं सफरचंद असं थोडं थोडं पोटात असू द्या. मोठ्या क्रूझ बोटींना पाण्याखाली दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते बोटीचं डोलणं बरंच आवरतात. फेब्रुवारीत बहुतेकांना पहिल्या रात्री डोकं थोडं हलकं वाटण्यापलीकडे काही होत नाही.

आता मुख्य दिवसाकडे येऊ. बोट संध्याकाळी पाचच्या सुमाराला मुंबई सोडते असं धरू आणि वेग १५ नॉट, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटर. लक्षद्वीपचं कदमत बेट मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे ४६० सागरी मैलांवर आहे. म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही वेंगुर्ल्याच्या समोर असाल, दुपारी होन्नावरच्या आणि मावळतीला कासरगोडच्या. किनारा कुठेच दिसणार नाही. वेंगुर्ल्याशीच तो सुमारे ९५ किलोमीटर दूर असतो आणि पुढे आणखी लांब जातो. घरून निघताना भिंतीवरचा साधा नकाशा किंवा नातवाचा ॲटलास बरोबर घ्या. दोघांनी पेन्सिलने खुणा करत जायचं. हे पोरकट वाटेल, पण समुद्रात आजूबाजूला काहीच बदलत नसताना आपण पुढे सरकतोय हे कळायला त्यासारखं साधन नाही. आम्हीही ब्रिजवर वर्षानुवर्षं तेच करत आलो.

सूर्योदय सातच्या सुमाराला आहे, तुम्ही सहाला वर या. स्वेटर नको, पातळ शाल पुरे. डेक नुकताच धुतलेला असतो, पायात रबरी तळव्याची चप्पल असू द्या. सिंगापूरहून सुटणाऱ्या एका बोटीवर माझी चार ते आठची पाळी असायची. तिथे एकदा कराडकडचं एक जोडपं होतं, साठीच्या पुढचं. रोज सव्वासहाला ते पुढच्या उघड्या डेकवर येत. काकांच्या हातात स्टीलचा छोटा थर्मास. काकूंनी पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि एक हात कठड्यावर. थर्मासच्या झाकणात चहा ओतला जायचा, आधी त्या दोन घोट घ्यायच्या, मग झाकण यांच्याकडे. बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटे दिव्यांची रांग लागलेली असते, इतक्या बोटी ये-जा करतात. शेवटच्या दिवशी काका लिफ्टपाशी भेटले. गणवेशावरचं नाव वाचून मराठीत म्हणाले, “साहेब, हिरवा दिवा दिसला की ती बोट कुणीकडं चालली असती?” मी सांगितलं: बोटीच्या उजव्या अंगाला हिरवा, डाव्या अंगाला लाल. तुम्हाला हिरवा दिसतोय म्हणजे तुम्ही तिच्या उजव्या कुशीकडे आहात. काकू लगेच म्हणाल्या, “म्हंजे काल म्या म्हन्ले तसंच की.” चार दिवस ती दोघं अंधारात हेच ताडत बसली होती! मला त्या दोघांचा फार हेवा वाटला. तुम्हीही पहाटे दिवे शोधा.

उजाडल्यावर पाण्याकडे नीट बघा. मुंबईजवळचं पाणी गढूळ हिरवट, कारण खाली समुद्रबूड जमीन आहे, खोली शंभर मीटरच्या आतच. दक्षिणेकडे जाताना तो उथळ पट्टा सरतो आणि तळ दीड-दोन हजार मीटर खाली जातो. पाणी आधी हिरवं, मग निळं होत होत दौतीतल्या शाईसारखं होतं. न्याहारीनंतर एका बाजूला खुर्ची टाकून तासभर बसलात तर हा बदल डोळ्यांदेखत होतो. नाळेच्या लाटेतून उडणारे मासे निघतात. पाण्यावरून सरळ रेषेत उडत जातात आणि टपकन आत शिरतात. मासे नाळेपाशीच दिसतात, म्हणून बसायला पुढची बाजू निवडा. डॉल्फिन दिसले तर नशीब. ते पाच मिनिटांत गेलेलेही असतात, म्हणून कॅमेरा शोधायला केबिनमध्ये पळू नका.

एक गोष्ट क्रूझच्या माहितीपत्रकात नसते: वारा. फेब्रुवारीत या किनाऱ्यावर दुपारी उत्तर-वायव्येचा वारा असतो, दहा ते पंधरा नॉट. जाताना तुम्ही दक्षिणेला चाललेले असता, वारा पाठीमागून, बोटीच्याच वेगाचा. म्हणजे डेकवर वाराच लागत नाही, पान हलत नाही, उकडतं आणि ऊन चटके देतं. येताना तोच वारा समोरून. बोटीचे पंधरा आणि वाऱ्याचे बारा मिळून सत्तावीस नॉटचा झोत येतो, टोपी राहत नाही, पुस्तकाचं पान धरवत नाही. म्हणून जातानाच्या दिवशी सावलीतली जागा शोधा, डोक्यावर टोपी ठेवा, पाणी पीत राहा. येतानाच्या दिवशी मागच्या बाजूचा, आडोशाचा डेक पकडा. एकाच बोटीवरचे हे दोन दिवस इतके वेगळे असतात की तुम्हाला नवल वाटेल.

बारा वाजता बहुतेक बोटींवर कॅप्टन स्पीकरवरून स्थान, वेग, हवामान सांगतो. अक्षांश ऐकून नकाशावर खूण करा. पण सूर्य माथ्यावर तेव्हा नसतो. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर आणि तुम्ही असता पावणेत्र्याहत्तरच्या आसपास. म्हणून फेब्रुवारीत सूर्य मध्यावर येतो तो १२ वाजून ५० मिनिटांनंतर. पूर्वी आम्ही सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची उंची मोजायचं साधन, घेऊन याच क्षणाची वाट बघायचो आणि त्यावरून अक्षांश काढायचो. तुम्ही कठड्याच्या खांबाची सावली बघा. ती लहान होत होत थांबते आणि मग हळूच लांबू लागते. तो थांबण्याचा क्षण म्हणजे तुमची खरी दुपार. मग जेवायला जा. साडेबाराला बुफेवर जी झुंबड असते ती तोवर ओसरलेली असते. जेवणाआधी हात साबणाने धुवा. बोटीवर पोटाचे विकार पसरवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझर जेलने नीटसा जात नाही.

दुपार वहिनींवर सोडा. माझी बायको दोनदा माझ्याबरोबर बोटीवर होती, प्रत्येकी तीन महिने. पहिले दोन दिवस तिला बोट लागली, तिसऱ्या दिवशी दुपारी ती मधल्या डेकवर भिंतीला टेकून बसलेली दिसली. हातात काही नाही. मी काळजीने विचारलं, बरं वाटत नाहीये का? ती म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा अशी दुपार आहे की दाराची बेल वाजणार नाही. दूधवाला नाही, इस्त्रीवाला नाही, संध्याकाळी भाजी कुठली करायची हे डोक्यात नाही. मला बसू दे.” तेव्हापासून मी प्रवाशांतल्या नवऱ्यांना सांगत आलोय: दर अर्ध्या तासाने ‘आता काय करायचं’ असं बायकोला विचारू नका. तुम्हाला पत्त्यांची स्पर्धा बघायची असेल तर खुशाल एकटे जा. पाचला चहाला कुठे भेटायचं तेवढं ठरवून ठेवा. बोट कितीही मोठी असली तरी माणूस हरवत नाही. दोघांनी दिवसभर एकमेकांना चिकटून राहिलंच पाहिजे असं नाही, मग मावळतीला सांगायला काहीतरी असतं.

मोबाइल बंदर सुटल्यावर फ्लाइट मोडवर टाका. भर समुद्रात तो बोटीवरच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि बिल पाहून घाम फुटतो. मुलाला आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, म्हणजे तोही निश्चिंत.

वहिनींच्या मनात समुद्राची ओटी भरायचं असेल, अनेकींच्या असतं. मी प्रेमाने सांगतो: बोटीवरून काहीही टाकू नका. नारळ, फुलं, निर्माल्य काहीच नाही. समुद्रात कचरा टाकण्याबद्दल आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत, आणि वरून टाकलेली वस्तू वाऱ्याने खालच्या बाल्कनीत जाऊन कुणालाही लागू शकते. अलिबागकडच्या एका आजींनी माझ्यासमोर ओटीचं ताट कठड्याशी धरलं, हात जोडले, आणि ते तांदूळ परत पिशवीत बांधून घरी नेले. घरच्या तुळशीत घालीन म्हणाल्या. त्यांची ओटी दर्याला पोचली, यात मला शंका नाही.

मावळती साधारण पावणेसातला. साडेसहालाच पश्चिमेच्या, म्हणजे जाताना उजव्या हाताच्या कठड्याशी जागा धरा. क्षितिज अगदी स्वच्छ असेल तर सूर्याचा शेवटचा तुकडा बुडताना क्षणभर हिरवा होतो. मी शेकडो मावळती पाहिल्या, हिरवी तिरीप मोजक्याच वेळा. नाही दिसली तर वाईट वाटून घेऊ नका. मात्र सूर्य बुडेपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावू नका.

आणि रात्री. जेवून थेट केबिनमध्ये जाऊ नका. साडेनऊला उघड्या डेकवर या, दिव्यांपासून दूरचा कोपरा गाठा आणि डोळ्यांना पंधरा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. दक्षिणेला व्याधाच्या खाली एक ठळक पांढरा तारा दिसेल, तो अगस्ती. आता हात सरळ लांब करून मूठ आवळा. मूठभर रुंदी म्हणजे आकाशातले साधारण दहा अंश. मुंबईत त्याच वेळी अगस्ती क्षितिजापासून दोन मुठींहून कमी उंचीवर असतो, इथे अडीच मुठींवर. मग मागे वळा आणि उत्तरेला ध्रुव शोधा. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. मुंबईत १९ अंश, म्हणजे जवळजवळ दोन मुठी, आणि या रात्री जेमतेम सव्वा मूठ. क्षितिजाजवळ धुरकट असेल तर दिसायला वेळ लागेल, थांबा. निघायच्या आदल्या रात्री घराच्या गच्चीवरून दोघांनी मोजून ठेवलंत तर फरक तुमच्याच मुठीत येईल. मुलगा, नकाशा, कॅप्टन कुणी सांगायला नको, आपण दक्षिणेला किती उतरलो ते वहिनी स्वतः सांगतील.

खाली वाकून नाळेच्या लाटेकडेही एकदा बघा, एक हात कठड्यावर ठेवूनच. हिवाळ्याच्या दिवसांत अरबी समुद्रात अंगातून प्रकाश देणारे सूक्ष्म जीव पुष्कळ असतात. पाणी फाटतं तिथे निळसर उजेडाची रेघ उठते आणि विझते.

परतीच्या शेवटच्या पहाटे सामान बांधण्यात वेळ घालवू नका, ते आदल्या रात्रीच बांधा. मुंबई जवळ येते तेव्हा उजवीकडे खांदेरीचा दिवा आणि डावीकडे कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचा दिवा दिसतो. शिडीवरून पायलट, म्हणजे बोट बंदरात नेणारा वाटाड्या, चढतो, इंजिनाचा आवाज उतरतो, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा वाऱ्याला जमिनीचा वास येतो. मतलई वारा म्हणतात तो हाच. थर्मास आदल्या रात्रीच भरून घ्या, त्या वेळी चहाचं काउंटर उघडलेलं नसतं.